कुत्रं आडवं आलं : रहाटणीतल्या सुज्ञ वाहनचालकांसाठी मार्गदर्शिका

रहाटणी फाट्यावरून कोकणे चौकाकडे किंवा तापकीर चौकातून काळेवाडी फाट्याकडे मध्यरात्री गाडी हाकणाऱ्या प्रत्येकावर हा प्रसंग कधी ना कधी येणार आहे. चाकणची सेकंड शिफ्ट सुटलेली, रस्ता मोकळा, डोळ्यांवर झापड, पायाखाली ॲक्सिलरेटर, आणि बंद झालेल्या चायनीजच्या गाडीमागून एक कुत्रं निघतं. पुढचं सगळं क्षणात आटोपतं. त्यानंतर काय करायचं, हे मात्र कुठल्याही ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवत नाहीत. आठचा आकडा काढून घेतात आणि एमएच १४ च्या जगात सोडून देतात. ही उणीव भरून काढावी, एवढाच या मार्गदर्शिकेचा नम्र हेतू.

धडक बसताच प्रथम आरशात पाहावे. कुत्रं कुठे पडलं ते बघायला नव्हे, मागून कोणी येतंय का ते बघायला. रस्ता मोकळा असल्यास कुत्र्याला 'फारसं लागलेलं नसतं', हा या भागातला जुना अनुभव आहे. कोणी पाहत असेल तर मात्र गाडी थांबवून खाली उतरावे आणि चेहऱ्यावर दुःख आणून बंपर तपासावा. सर्वसमावेशक विमा असेल तर बंपरचा खर्च निघतो, भटक्या कुत्र्याच्या उपचाराचा निघत नाही. तेव्हा आधी काय तपासायचं, हे विमा कंपनीने आपल्याआधीच ठरवून ठेवलेलं आहे.

डॅशबोर्डवर दत्तगुरूंची तसबीर असल्यास थोडी अडचण होते. पायाशी चार कुत्री असतात आणि चारही समोर पाहत असतात. अशा वेळी नजर रस्त्यावर ठेवावी. गणपतीवाल्यांना हा त्रास नाही.

यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची : गळ्यात पट्टा आहे का, ते पाहणे. पट्टा असेल तर तो कोणाचा तरी लॅब्रॅडोर किंवा पग असणार, म्हणजेच कायद्याच्या भाषेत दुसऱ्याची मालमत्ता. मोटार वाहन कायद्याचं १३४ वं कलम सांगतं, की माणूस जखमी झाला किंवा दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं, तर चालकाने पोलिसांना माहिती दिली पाहिजे; पोलीस जागेवर नसतील तर २४ तासांच्या आत जवळच्या ठाण्यात कळवलं पाहिजे. म्हणून पट्टा दिसताच आवाज खाली आणावा, 'सॉरी काका' म्हणावे आणि भरपाईची तयारी ठेवावी. काकांनी कुत्रं मोकळं का सोडलं होतं, हा मुद्दा दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवावा. पट्टा नसेल तर कानाकडे पाहावे. खाच दिसली तर समजावे की नसबंदी झालेली आहे, म्हणजे सरकारी खर्च आधीच झाला आहे. आपण वेगळा करण्याचं कारण नाही. पट्टाही नाही आणि खाचही नाही, असं कुत्रं कोणाचंच नसतं. नाक्यावरचा चहावाला त्याला रोज पाव घालत असला, तरी पाव घातल्याची पावती त्याच्याकडे नसते.

कायद्याला घाबरू नये. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा आहे आणि त्यातला दंडही १९६० चाच आहे : पहिल्या गुन्ह्याला किमान १० आणि कमाल ५० रुपये. पन्नास रुपयांत आज धड मिसळ येत नाही. भारतीय न्याय संहितेचं ३२५ वं कलम दिसायला उग्र आहे, प्राण्याला मारल्यास किंवा लुळंपांगळं केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद. पण त्याला हेतू लागतो किंवा परिणामाची जाणीव तरी लागते, आणि डुलकीत या दोन्ही गोष्टी कुठून येणार?

शिवाय आपल्या पाठीशी मुंबई उच्च न्यायालय आहे, असंही अनेकजण सांगतील. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत, मरीन ड्राइव्हवर जेवण पोचवायला निघालेल्या अठरा वर्षांच्या एका विद्यार्थ्याच्या मोटारसायकलसमोर भटकं कुत्रं आलं. कुत्रं मेलं, पोरगाही पडून जखमी झाला. पोलिसांनी त्याच्यावर बेदरकार वाहन चालवल्याची कलमं लावली. डिसेंबर २०२२ मध्ये न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे आणि पृथ्वीराज चव्हाण यांनी तो गुन्हा रद्द केला. कुत्रं-मांजर मालकाला लेकरासारखं वाटत असलं तरी ते माणूस नव्हे आणि ही कलमं माणसांच्या जिवासाठी आहेत, असं त्यांचं म्हणणं. वर सरकारने त्या मुलाला २० हजार रुपये द्यावेत आणि ते जबाबदार अधिकाऱ्यांकडून वसूल करावेत, असा आदेश. निकाल योग्यच होता. फक्त तो पोरगा रस्त्यावर पडला होता, निघून गेला नव्हता. निकालाचा आधार घेताना हा तपशील गाळावा, म्हणजे आधार भक्कम राहतो.

इंग्लंडात जाणाऱ्यांनी मात्र जपून राहावे. तिथल्या १९८८ च्या रस्ते वाहतूक कायद्यात घोडा, गाढव, खेचर, गुरं, मेंढी, डुक्कर, शेळी किंवा कुत्रा यांना अपघातात इजा झाली तर थांबावंच लागतं. मांजर त्या यादीत नाही. (मांजरांचं तिथे कोणाशी बिनसलं होतं, कोण जाणे.)

घरी पोचल्यावर सोसायटीच्या ग्रुपवर संदेश टाकावा. 'मी कुत्र्याला उडवलं' असं लिहू नये. 'परिसरात भटक्या कुत्र्यांचा सुळसुळाट, आज थोडक्यात बचावलो' असं लिहावे. दहा मिनिटांत दोन तट पडतात. एक तट कुत्र्यांना खायला घालणाऱ्या ताईंना धारेवर धरतो, दुसरा २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांचा हवाला देऊन खाऊ घालण्याची जागा ठरवणं सोसायटीचंच काम आहे, असं ठणकावतो. मग कोणीतरी पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाची आठवण काढतं : कुत्रा चावला तर दाताच्या प्रत्येक खुणेला किमान १० हजार रुपये भरपाई. उलट बाजूचा दर कोणी विचारत नाही. नसबंदी महापालिकेची, गतिरोधकावरचे उडालेले पांढरे पट्टे महापालिकेचे, बंद दिवाही महापालिकेचा. एवढे सगळे जबाबदार हजर असताना स्टिअरिंगवर कोण होतं, हा प्रश्न गौण ठरतो.

पुरवणी

इतकं समजावूनही काही हट्टी माणसं थांबतातच. त्यांच्यासाठी थोडक्यात. गाडी कडेला घ्या, चारही इंडिकेटर लावा. मागून येणारा डंपर तुमच्यासाठी थांबणार नाही. जखमी कुत्रं ओळखीच्या माणसालाही चावतं, म्हणून तोंडाकडून जाऊ नका. शेजारी पोतं किंवा जुनी चादर पसरा, कुत्र्याची पाठ फार न वाकवता त्याला त्यावर सरकवा आणि रस्त्यातून बाजूला घ्या. श्वास लागला असेल तर तोंड बांधू नका, पाणी ओतू नका. पशुवैद्यकीय मदतीसाठी १९६२ हा क्रमांक आहे, महापालिकेची 'सारथी' हेल्पलाइन आहे, आणि दोन्हीकडून गाडी यायला उशीर होत असेल तर तुमची स्वतःची गाडी तिथे उभीच आहे. डिकीत पोतं आतापासून ठेवा. आणि चावलंच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस घ्या. पिंपरीत वायसीएम रुग्णालयात ती मिळते.