किती होतं, किती केलं!

सकाळी दूध आणायला निघालो की एमबीकाका जिन्यात गाठतात. नमस्कार नाही, चमत्कार नाही. खिशातून मोबाइल काढतात आणि विचारतात, “ओळख, किती होतं?”

काय किती होतं, हे उलट विचारायचं नसतं. आपण मुकाट्याने म्हणायचं, “एक जीबी?”

“१.४! आणि किती केलं?” इथे एक विराम. संगीत नाटकातल्या नटाने पदाआधी घ्यावा तसा. “९२ एमबी! बघ, डोळ्याला फरक कळत नाही.”

मोबाइलवर एक तपकिरी डाग दुसऱ्या तपकिरी डागाला काहीतरी समजावत असतो. पहिला डाग म्हणजे कीर्तनकारबुवा आणि दुसरा म्हणजे तबला, हे काकांनी सांगितल्यावर कळतं. “नाही हो कळत,” म्हणून मी सटकतो.

तुमच्याही इमारतीत असे एक काका असणारच. आमचे काका कारखान्याच्या स्टोअरमधून निवृत्त झाले. आयुष्यभर मोजून माल दिला, मोजून घेतला. मोबाइलमध्ये दोन जीबीचं कार्ड घालून त्यात जग मावतं का हे बघण्याच्या काळात ते या नादाला लागले. पुढे ५ सप्टेंबर २०१६ला जिओ सुरू झालं. महिनाभर एक जीबी पुरवून वापरणारी माणसं दिवसाला एक जीबी उधळायला लागली. ही बातमी काकांना मात्र अजून कोणी कळवलेली नाही.

त्यांच्या लॅपटॉपवर दोन फोल्डर आहेत, ‘कच्चं’ आणि ‘शिजलेलं’. कीर्तन, मुलाखत, काजूच्या कलमांची माहिती, जे काही उतरवून घेतील ते रात्री ‘कच्च्या’त टाकतात. एफएफएमपेग नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर आणि काकांनी लिहिलेल्या चार ओळी रात्रभर राबतात. सकाळी ‘शिजलेल्या’त मोबाइलजोगा व्हिडिओ तयार. लॅपटॉप इतका तापतो की काकू त्यावर कुरडया वाळवतात, अशी वदंता आहे.

हे होतं कसं, असं मी एकदा विचारून बसलो. तेव्हापासून मी प्रश्न विचारत नाही.

“बुवा उभे आहेत,” काका म्हणाले, “मागे विठोबा उभा आहे. विठोबा २८ युगं हललेला नाही. मग सेकंदाला २५ वेळा तो पुन्हा पुन्हा कशाला लिहायचा? एकदा लिहायचा, आणि पुढे फक्त बुवांचे हात! आता किती बारीक लिहायचं, त्याचा एक आकडा असतो. जेवढा वाढवाल तेवढी फाइल लहान. सॉफ्टवेअरवाले आपणहून २३ धरतात. आपला २८.”

“का?”

“आत्ताच सांगितलं ना, युगं किती?”

यंत्रणा आपोआप चालते याचा काकांना भारी अभिमान. फाइलचा आकार मिनिटभर वाढला नाही की ती उतरवून झाली, असं त्यांनी तिला शिकवलं होतं. एकदा ऐन पावसाळ्यात नेट अडखळलं आणि यंत्रणेने अर्धीच फाइल उचलून शिजवली. काकूंच्या त्या नाटकात खून कोणी केला हे अजून उघड झालेलं नाही. “पण किती केलं बघ की,” काका म्हणाले, “निम्म्यात आलं!”

दुसऱ्यांदा काय झालं, तर शिजलेलं पुन्हा ‘कच्च्या’तच पडू लागलं. सोसायटीचं स्नेहसंमेलन रात्रभर शिजत राहिलं. दर शिजवणीला थोडं जातं, आणि गेलेलं परत येत नाही. सकाळी अध्यक्षांचे चार चौकोन झाले होते. ते मुळातच तसे आहेत, असं दुसऱ्या मजल्यावरून लगेच कळवण्यात आलं.

ही सवय लॅपटॉपपुरती राहिली असती तर चाललं असतं. घराला रंग एकच हात: “डोळ्याला फरक कळत नाही.” पाहुण्याला चहा पाऊण कप: तेच. एका गणपतीला २१ मोदकांऐवजी ११ करावेत असं त्यांनी सुचवलं, तेव्हा काकूंनी विचारलं, “कोणाच्या डोळ्याला?” काकूंचं बोलणं मात्र पहिल्यापासून मूळ दर्जात येतं. ते दाबायचं सॉफ्टवेअर काकांना अजून सापडलेलं नाही.

माझं खरं बिनसलं ते लेकीच्या लग्नावरून. व्हिडिओवाल्याने पेनड्राइव्ह दिला, तीन तासांचा, ५८ जीबी, फोर-के. पापणीचा केस न् केस मोजून घ्यावा असा. काकांनी तो ‘नुसता बघायला’ नेला आणि दोन दिवसांनी जिन्यात विराम घेतला. “३१२ एमबी!”

बघितलं. विधी जरा बरे होते, कारण होमापुढे माणसं एका जागी बसतात. पण अक्षता पडल्या आणि घात झाला. अक्षता म्हणजे एकाच वेळी हलणारे हजार दाणे. तिथे २८ युगांचा हिशेब चालत नाही. माझी मुलगी, जावई, अंतरपाट, सगळ्यांची मिळून एक हलती गोधडी झाली. मी काकांना काय बोललो ते इथे लिहीत नाही. तेही मूळ दर्जात होतं.

यंदा गणपतीला काकांनी मला आग्रहाने राजापूरकडच्या आपल्या गावी नेलं. घरात त्यांच्या थोरल्या बहिणीचं, अक्काचं, राज्य. गुडघे गेलेले, एका डोळ्यात मोतीबिंदू. नेटवर्क येतं ते विहिरीपलीकडच्या फणसाखाली, तेही वारा असेल तसं. अक्काकडे बटणांचा मोबाइल, पडदा दोन बोटं रुंद. मोठी फाइल त्याच्या घशाखाली उतरत नाही. काकांचं ‘शिजलेलं’ इथे वाढलं जातं, हे मला तिथे कळलं. गणपतीला भरलेलं कार्ड येतं, शिमग्याला ते जातं आणि दुसरं येतं.

अक्काने माझ्याकडे निरखून पाहिलं. “तूच ना रे मुलीचा बाप? लगीनभर कंबरेवर हात ठेवून उभा होतास. विठोबासारखा.”

मी चपापलो.

“भटजी दोनदा शिंकला. तुझ्या विहिणीने आहेराची पिशवी तीनदा मोजली. आणि मुलीची ती मैत्रीण, हिरव्या साडीतली, कोपऱ्यात एकटीच रडत होती. का रे?”

मला माहीत नव्हतं. हिरव्या साडीतली मैत्रीण होती हेच माहीत नव्हतं. पेनड्राइव्ह काकांकडून परत आणला त्या दिवशी कपाटात ठेवला, तो अजून तिथेच.

“सगळं बघितलं हो,” अक्का म्हणाली. “पण अक्षता पडल्या की दर वेळी सगळं पुसट होतं. रडूच येतं मेलं. लोकाची मुलगी, पण डोळे काही ऐकत नाहीत.”

मी काकांकडे पाहिलं. काका फणसाकडे बघत होते. त्यांचं ते वाक्य म्हणायला याहून चांगली वेळ येणार नव्हती. पण ते गप्प राहिले.

घरी आल्यावर पेनड्राइव्ह शोधून लॅपटॉपला लावला. आमच्या जुन्या लॅपटॉपला फोर-के पेलेना. भटजी शिंकायला तोंड उघडून पाच मिनिटं तसाच थांबला.

दुसऱ्या दिवशी दूध आणायला निघालो, आणि जिन्यात मीच काकांना गाठलं. “काका, आमचं लग्न द्या. तुमच्याकडचं.”

“ओळख, किती होतं?” ते सवयीने म्हणाले.

“५८ जीबी.”

“आणि किती केलं?”

मी विराम घेतला. खालच्या पायरीवर दूधवाला खोळंबला, तरी घेतला.

“३१२ एमबी!”