पंधरा किलोंत न बसलेले दोन दिवस

प्रति,
आदरणीय काका,
संयोजक, 'चलो लडाख' ग्रुप,
डोंबिवली (पूर्व)



पत्र उघडे लिहिते आहे, राग नसावा. ग्रुपवर फक्त ॲडमिनच मेसेज टाकू शकेल अशी सोय तुम्ही करून ठेवली आहे आणि फोन लावावा तर तुम्ही सदैव कुणाला तरी लोकरी मोज्यांचे प्रकार समजावून सांगत असता. तेव्हा लिफ्टशेजारचा नोटीस बोर्ड तेवढा उरला. पाण्याची टाकी धुण्याच्या सूचनेखाली जागा होती, तिथे हे पत्र लावले आहे.

प्रथम अभिनंदन. तुमची चार पानी यादी मी दोनदा वाचली. थर्मलचे दोन जोड, कानटोपी (कंसात 'माकडटोपी चालेल'), मोठ्या सेफ्टी पिना, कपडे वाळवायची दोरी, मेतकूट, भडंग, तिखटमिठाच्या पुऱ्या, आलेपाक, इलेक्ट्रिक केटल तीन नग. चढाईला निघालेल्या फौजेचीही एवढी रसद नसते. रविवारी क्लबहाउसात तुम्ही वजनकाटा घेऊन बसलात तो सोहळा तर बघण्यासारखा होता. हुकाला बॅग अडकवायची, दोघांनी काटा उचलून धरायचा आणि आकडा स्थिर होईपर्यंत कुणी हालायचे नाही. विमान कंपनी देते 15 किलो, म्हणजे 15 किलो! सी विंगमधल्या काकूंची बॅग 17 निघाली, चेन तिथल्या तिथे उघडली गेली, सर्वांदेखत चर्चा झाली आणि शेवटी लोणच्याची बरणी आत राहून स्वेटर बाहेर आला. न्याय व्हावा तर असा.

त्याच शिस्तीने तुम्ही आणखी एक गोष्ट बाहेर काढलीत. कार्यक्रमाच्या पहिल्या कागदावर लेहला उतरल्यावर दोन दिवस 'विश्रांती' लिहिलेले होते. दुसऱ्या कागदावर त्यातला एकच उरला. 'अंतिम' असा शिक्का मारलेल्या तिसऱ्या कागदावर पहिल्याच दुपारी मॅग्नेटिक हिल आणि सिंधू-झंस्कारचा संगम, दुसऱ्या दिवशी खार्दुंग ला ओलांडून नुब्रा, तिसऱ्या दिवशी पँगाँग. 'हॉटेलात छताकडे बघत पडायला का एवढे पैसे भरलेत?' असे तुम्ही विचारलेत आणि टाळ्या पडल्या. मी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण माझ्या हातात तुमच्या रक्तदाबाचा पट्टा होता.

आता तुमच्या हिशेबाचे कौतुक करते. लेहची विमाने बहुतेक सकाळीच उतरतात, कारण दिवस चढला की त्या दऱ्यांत वारा खवळतो. तुम्ही त्याचा अर्थ 'अख्खा दिवस हाताशी' असा लावलात. त्यातली मेख अशी, की विरळ हवेचा त्रास उतरल्या उतरल्या होत नाही. तो साधारण सहा ते बारा तासांनी डोके वर काढतो. सकाळी सगळे ठणठणीत, दुपारी संगमावर फोटो, संध्याकाळी बाजारात जर्दाळूंचा भाव करणे, आणि रात्री खोलीखोलीतून डोकेदुखी, मळमळ, जेवणावरची वासना उडालेली आणि झोपेचा पत्ता नाही. दुसऱ्या दिवशी आठ वाजता तुमची शिट्टी वाजेल. ज्याचे डोके फुटते आहे त्यालाही वाटेल, आपल्या एकट्यामुळे सगळ्यांचा खार्दुंग ला कशाला बुडवा. ग्रुपने जाण्याचा सर्वांत मोठा धोका हाच. एकटा माणूस आडवा होतो, ग्रुपमधला माणूस बसमध्ये चढतो.

सरावासाठी तुम्ही सर्वांना कळसूबाईला नेऊन आणलेत, तेही उत्तम. पाय मोकळे झाले, भजी झाली. मात्र कळसूबाईची उंची 1,646 मीटर. दोन कळसूबाया एकावर एक रचल्या तरी लेहचा बाजार त्यांच्याहून दोनशे मीटर वर भरतो. आणि फुप्फुसांना 'आम्ही राज्यातले सर्वोच्च शिखर केले' हे सांगून चालत नाही. फिटनेस ही इथे ढालही नाही. रोज जिमला जाणारा आपल्या ए विंगमधला तरुण आणि गुडघेदुखीच्या जोशीकाकू यांच्यात उंचीचा त्रास आधी कुणाला होईल, हे मी डॉक्टर असून सांगू शकत नाही. तरुणाला होण्याची भीती मला थोडी जास्तच वाटते, कारण तो बॅगा उचलून तिसऱ्या मजल्यावर पळत जाणार.

हवेतल्या ऑक्सिजनचे प्रमाण तिथेही 21 टक्केच असते. हवेचा दाब मात्र लेहला समुद्रसपाटीच्या साधारण दोनतृतीयांश उरतो आणि खार्दुंग लाला जेमतेम निम्मा. शरीर याला जुळवून घेते: श्वास वाढतो, मूत्रपिंडे रक्तातला क्षार बाहेर टाकतात, हळूहळू लाल पेशी वाढतात. हे सगळे एका रात्रीत पुरे होत नाही. विमानाने येणाऱ्यांनी लेहमध्ये निदान 48 तास स्वस्थ राहावे, असे लडाखचे प्रशासन सांगते ते याचसाठी. नुब्रातले हुंदर लेहपेक्षाही खाली आहे, सुमारे 3,100 मीटरवर. तिथली रात्र बरी जाईल. पण दुसऱ्याच रात्री तुम्ही सर्वांना पँगाँगच्या काठी सव्वाचार हजार मीटरच्या आसपास झोपवणार आहात. तीन हजारांच्या वर गेल्यावर झोपायची जागा एका रात्रीत पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये, असा डोंगरातल्या डॉक्टरांचा साधा नियम आहे. तुमच्या कागदावर तो दुपटीहून जास्त मोडला आहे.

यादीतल्या 'ऑक्सिजन' या शीर्षकाखालच्या तीन ओळींकडे वळते. पहिली, 'कापूर, प्रत्येकी एक पुडी, रुमालात'. कापूर हुंगला की नाकाला गार वाटते आणि श्वास मोकळा झाल्याचा भास होतो, रक्तातला ऑक्सिजन तसूभरही वाढत नाही. आरतीसाठी न्यायचा तर जरूर न्या. दुसरी, 'ऑक्सिजनचे कॅन, प्रत्येक खोलीला एक'. ते विमानात नेता येत नाहीत, हे तुम्हाला विमानतळावर कळण्यापेक्षा आत्ता कळलेले बरे. लेहमध्ये मिळतात, पण काही मिनिटांत संपतात. हॉटेलात भरलेला सिलिंडर आहे का, एवढे विचारून ठेवा.

तिसरी, 'ऑक्सिमीटर'. तो करोनापासून घरोघरी आहेच, त्यामुळे आल्या दिवशी नाश्त्याला 'माझे 87, तुमचे किती?' अशी स्पर्धा लागणार. मुंबईत 87 दिसले तर मी रुग्णवाहिका बोलावते, लेहमध्ये नवख्या माणसाला तेवढे दिसू शकते. वर गारठलेली बोटे आणि लावलेले नेलपॉलिश, म्हणजे आकडा आणखी खाली. आकड्यापेक्षा माणूस बघा. पडून राहिला तरी दम लागतो आहे, खोकला थांबत नाही, किंवा पुढच्या पावलाची टाच मागच्या पावलाच्या बोटांना टेकवत सरळ रेषेत चालता येत नाही, बोलणे असंबद्ध झाले आहे, तर चहा-कापूर-लिंबूसरबत यांत वेळ न घालवता रातोरात खाली उतरवायचे. तुमच्या यादीत खाली उतरायच्या गाडीची सोय कुठे दिसली नाही. कपडे वाळवायची दोरी दिसली.

डायमॉक्सबद्दल. तुम्ही घाऊक आणून 'दोघांत एक स्ट्रिप' अशी वाटणी केली आहे. उंचीचा त्रास टाळायला ही गोळी कामाची आहे, सहसा 125 मिलिग्रॅम दोनदा, निघण्याच्या आदल्या दिवसापासून. पण ती भडंग नव्हे. सल्फाची ॲलर्जी असलेल्यांनी, मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी आणि पाणी काढायच्या गोळ्या आधीच घेणाऱ्यांनी मला भेटल्याशिवाय तिला हात लावू नये. बाकीच्यांनी एवढे जाणून असावे की हातापायांना मुंग्या येतात, सोडा पाण्यासारखा फिका लागतो आणि लघवीला वारंवार जावे लागते. सव्वीस जण, एक बस आणि खार्दुंग लाचा घाट, याचा विचार संयोजक या नात्याने तुम्ही केला असेलच. आणि संध्याकाळी 'थंडी घालवायला' म्हणून जी बाटली यादीत नाही पण बॅगेत आहे, ती पहिले दोन-तीन दिवस उघडू नये. झोपेची गोळीही नको. दोन्हींनी झोपेतला श्वास मंदावतो.

आता खार्दुंग लावरच्या 'लेझीम, 45 मिनिटे, महिला नऊवारीत, पुरुष फेटे' या ओळीकडे. पार्किंगमधली तालीम मी गॅलरीतून पाहिली. ताल सुरेख बसला आहे, नथी तर अप्रतिम. तिथल्या पाटीवर वर्षानुवर्षे 18,380 फूट लिहिलेले असे, नंतरच्या मोजणीत ती उंची सुमारे 17,580 फूट भरली. या आठशे फुटांच्या सवलतीवर विसंबून तुम्ही कार्यक्रम ठरवला असेल तर सांगते, वर वीस मिनिटांपेक्षा जास्त रेंगाळू नये असेच तिथले ड्रायव्हर सांगतात. फोटो काढा, फेटे बांधा, पण बैठका मारत लेझीम नको. हौस असेल तर परतीच्या आदल्या संध्याकाळी लेहला खेळा.

केटलच्या तीन नगांविषयी थोडे. पँगाँगला पाणी 86 अंशांच्या आसपासच उकळते. 'गरम पाणी ओता, पाच मिनिटे झाका' वाले तुमचे पोहे तिथे दाताखाली कचकच वाजतील. शिवाय तंबूंच्या बऱ्याच छावण्यांत जनरेटर संध्याकाळचे काही तासच चालतो. तीन केटल एकदम लावल्यात तर शेजारच्या गुजराती ग्रुपचेही दिवे जातील. गरम थुक्पा मिळतो, तो खा. बाकरवडीची पाकिटे मात्र बघाच. इथे चपटी असलेली पाकिटे वर गेल्यावर उशीसारखी टम्म फुगतात. श्रीखंडाचा डबा आणि शाम्पूची बाटली पिशवीत बांधा, नाहीतर झाकणे आपली आपण उघडतील. ती पिशवी कापडी असो किंवा परत आणायची असो. लेहमधल्या महिलांच्या संघटनेने नव्वदच्या दशकातच प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आणवली. आणि रोज सकाळी बादलीभर पाण्याने आंघोळ झालीच पाहिजे हा आग्रह सोडा. त्या गावात वर्षाकाठी पाऊस शंभर मिलिमीटरच्या आसपास, आपल्याकडे जुलैत तेवढा एका दिवसात पडतो. पहिल्या दिवशी तर आंघोळ नकोच. थंडी वाजेल ती वेगळी.

तेव्हा मागणी एवढीच: ते दोन दिवस परत घाला. संगमासाठी तिसरा दिवस आहे. पँगाँग एका रात्रीऐवजी जाऊन-येऊन करायचे असेल तर तेही चालेल, प्रवास लांबतो पण झोप लेहमध्ये होते. पुढल्या वर्षी विमानाऐवजी श्रीनगर-कारगिलमार्गे बसने गेलात तर शरीराला वाटेतच थोडी सवय होईल. यंदाची तिकिटे बदलता येत नसतील तर नुब्रा सोडा. पैसे वाया गेले म्हणून ज्यांना राग येईल, त्यांनी माझ्याकडे यावे, मी ऐकून घेईन.

कळावे, लोभ असावा.

आपली,
बी विंगमधली डॉक्टर
(डायमॉक्सच्या चिठ्ठीसाठी रात्री दहानंतर बेल वाजवू नये.)

ता. क. ज्यांचे फोन प्रीपेड आहेत त्यांचे सिम लडाखमध्ये चालणार नाही. काका, तुमचेही प्रीपेडच आहे, म्हणजे सकाळी आठची शिट्टी प्रत्यक्ष येऊन वाजवावी लागेल. पॉवर बँक चेक-इनच्या बॅगेत चालत नाहीत, हातातल्या बॅगेत ठेवा. सी विंगच्या काकूंचा स्वेटर क्लबहाउसातच राहिला आहे, कृपया न्यावा.