दुधी काच आणि रात्रीची भांडी

रात्रीची भांडी मी घासतो. हे आता छापून यायला माझी हरकत नाही, कारण जे व्हायचं ते होऊन गेलंय. पण मधली काही वर्षं ही बाब मी पोस्टातल्या बचत खात्यासारखी जपली होती. घरच्यांना माहीत, बाहेर बोभाटा नाही.

सुरुवात मार्च २०२० मधली. मावशींचं येणं बंद झालं आणि घरात कामांची वाटणी झाली. वाटणी बायकोने केली, त्यामुळे वाद झाला नाही. पुढे मावशी परत आल्या, पण त्यांनी फक्त सकाळची वेळ दिली. रात्रीची भांडी माझ्याकडे राहिली ती राहिलीच. तात्पुरता म्हणून लावलेला कर कुठल्या सरकारने कधी काढलाय?

तसा त्रास काही नव्हता. आमच्या सिंकच्या वर खिडकी आहे आणि खिडकीबाहेर शेजारच्या बंगल्यातला आंबा होता. आंबा चुगल्या करत नाही. रेडिओवर गाणी लावावीत, नळ सोडावा, पातेल्याच्या बुडाशी लागलेल्या दुधाशी दहा मिनिटं झटावं. मग कोथरूडमध्ये बंगल्यांचं जे होतं तेच त्या बंगल्याचं झालं. आंबा गेला, बंगला गेला, दोन वर्षं धूळ खाल्ली आणि तिथे अकरा मजले उभे राहिले. त्यातल्या तिसऱ्या मजल्यावरची स्वयंपाकघराची खिडकी आमच्या खिडकीच्या बरोब्बर समोर आली. अंतर वीस-बावीस फूट. लग्नात अंतरपाट धरून वधू-वरांना उभं करतात तशा त्या दोन खिडक्या उभ्या आहेत. फरक एवढाच की अंतरपाट नाही.

एके दिवशी सकाळी म्हातोबाच्या टेकडीवर एका गृहस्थांनी मला गाठलं. चेहरा ओळखीचा वाटला. "मी तुमचा समोरचा," ते म्हणाले. मग इकडेतिकडे पाहून आवाज खाली आणत म्हणाले, "तुम्ही ते रोज करता का हो?"

"काय?"

"भांडी."

मी गप्प.

"आमची ही रोज रात्री साडेनऊला मला खिडकीशी बोलावते. बघायला."

"मला बघायला?"

"तुम्हाला कशाला? आदर्श बघायला." त्यांनी 'आदर्श' हा शब्द असा उच्चारला की मुंबईतली त्या नावाची इमारत डोळ्यांपुढे यावी. "आधी पाणी मारून घेतात, मग घासतात, ग्लास वेगळे ठेवतात, हे सगळं ऐकवते. परवा तुम्ही कढईची कडीसुद्धा घासलीत म्हणे. अहो, कड्या कोण घासतं? काहीतरी करा. पडदा लावा, काहीही करा."

मला त्यांची दया आली, आणि खोटं कशाला सांगू, कडीबद्दल थोडा अभिमानही वाटला. घरी येऊन मी बायकोला सांगितलं की ती खिडकी झाकायला हवी.

"का?"

"प्रायव्हसी."

"मी तीस वर्षं तिथेच भांडी घासली," ती म्हणाली, "तेव्हा काच पारदर्शकच होती."

यावर उत्तर नसतं. मी विषय तांत्रिक बाजूला नेला.

पडदा बाद होता, कारण शेजारी शेगडी. ओट्यावरचा पडदा महिनाभरात पापडासारखा कडक होतो. कागद हा आमच्या घराण्यातला उपाय. १९७१च्या युद्धात मुंबईत ब्लॅकआउट होता तेव्हा गिरगावातल्या आमच्या खोलीच्या तावदानांना वडिलांनी खळ करून खाकी कागद चिकटवले होते. युद्ध तेरा दिवसांत संपलं. कागद पुढच्या दिवाळीपर्यंत होता आणि खळ खायला झुरळं त्यानंतरही येत होती. फिल्मचाही विचार केला. गाड्यांच्या काचांना काळी फिल्म लावायला सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये मनाई केली. घरच्या खिडक्यांबाबत न्यायालय गप्प आहे. आमची सोसायटीची कमिटी गप्प बसेल अशी खात्री नाही. शिवाय ती आरशासारखी चमकणारी फिल्म ज्या बाजूला उजेड जास्त त्या बाजूच्या माणसाला उघडं पाडते. दिवसा आपण लपतो, रात्री दिवा लावला की आपला शोरूम होतो. आणि मी भांडी रात्री घासतो.

राहिली दुधी काच. हा शब्द मला फार आवडतो. दुधी भोपळ्याइतकाच निरुपद्रवी, सोज्ज्वळ. पण ती तयार करण्याची रीत सोज्ज्वळ नाही. एक तर काचेवर जोराच्या हवेने वाळूसारखी बारीक खर मारायची, नाहीतर काच खाणारं आम्ल लावायचं. हायड्रोफ्लोरिक आम्ल काचेच्या बाटलीत ठेवताच येत नाही, बाटलीच खातं. काचवाल्याला मी खिडकी दाखवली. त्याने सरकतं तावदान बोटाने हलवलं, तोंडातला तोबरा एका गालातून दुसऱ्या गालात सरकवला आणि म्हणाला, "एकच का? सगळी करून टाका." एक तावदान म्हणजे त्याच्या लेखी कामच नव्हतं. तो गेला तो आजतागायत गेलाय.

शेवटी हार्डवेअरच्या दुकानात मला तो डबा मिळाला. दुधी काचेचा स्प्रे. डब्यावर एका गोऱ्या बाईचं न्हाणीघर आणि खाली बारीक अक्षरांत इतक्या सूचना, की औषधाच्या बाटलीने लाजावं.

स्प्रेच्या रंगाचा इतिहास मी आवडीने वाचला, कारण त्यात एक नवरा आहे. अमेरिकेत इलिनॉय राज्यात सिकॅमोर नावाचं गाव आहे. तिथल्या एड सेमूर यांना १९४९ मध्ये खोली गरम ठेवणाऱ्या रेडिएटरवर देण्याचा ॲल्युमिनियमचा रंग सुबकपणे मारून दाखवायचा होता. फवाऱ्याच्या डब्यात भर की, हे त्यांना सुचवलं त्यांच्या पत्नीने, बॉनीने. शोधाचं श्रेय सेमूर यांना मिळालं. मी हे बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "डबा धुतला कुणी, ते दिलंय का?"

रविवारी सकाळी मी सरसावलो. सूचनांचा सारांश असा. काच आधी स्पिरिटने पुसायची, तेलाचा अंश राहता कामा नये. (आमच्या खिडकीवर तीस वर्षांच्या फोडण्यांचा अंश होता. सकाळ त्यातच गेली.) चौकटीला मास्किंग टेप लावायची, आजूबाजूला रद्दी पेपर चिकटवायचे. डबा मिनिटभर तरी हलवायचा. आत एक गोळी असते, ती खडखडते आणि खाली बसलेला रंग ढवळून काढते. तो खडखडाट ऐकून खालच्या मजल्यावरच्या आजींनी विचारलं, "भिशी का आज?" मग काचेपासून पंचवीस-तीस सेंटिमीटरवरून, हात थांबू न देता, पातळ पातळ हात द्यायचे. एक हात सुकला की दुसरा. एकदम जाड मारला तर ओघळ येतात, मग काच दुधी न दिसता रडकी दिसते.

"गॅस बंद केलात?" बायकोने विचारलं.

रास्त प्रश्न होता. डब्यातला रंग बाहेर ढकलायला बहुतेक वेळा प्रोपेन-ब्यूटेन भरलेला असतो, म्हणजे आपल्या सिलिंडरातला गॅसच. प्रायव्हसीच्या नादात ओटा उडाला असता तर अख्ख्या कोथरूडला सगळं दिसलं असतं. रेग्युलेटर बंद केला, खिडकीचं दुसरं दार उघडलं. बाहेर श्रावणातली झिमझिम. दमट हवेत असे रंग पांढुरके पडतात, म्हणून पावसाळ्यात मारू नका, असं डब्यावर बजावलं होतं. पांढुरकं पाडण्यासाठीच तर मी पैसे मोजले होते. आयुष्यात पहिल्यांदा हवामान माझ्या बाजूने होतं.

पहिल्याच हाताला काच इतकी सुरेख दुधी झाली की मी मागे सरकून पाहतच राहिलो. धुक्यातलं महाबळेश्वर. चौकट, भिंत, सगळंच कसं तरल, मुलायम. बायकोला हाक मारली. ती आली, काचेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता माझ्या नाकावरचा चष्मा काढून घेतला.

काच जेमतेम धुरकट झाली होती. चष्मा मात्र उत्कृष्ट झाला होता.

चष्म्याचा स्प्रे निघेना. थिनर लावायचं धाडस करू नका, असं चष्मेवाल्याने फोनवर सांगितलं. भिंगं प्लास्टिकची होती. उरलेले तीन हात मी जुन्या चष्म्याने, अंदाजाने दिले. आणि लोणच्याच्या बरणीवर नकळत अर्धा हात पडला. पण दुपारी चारला काम पुरं झालं तेव्हा काच खरोखरच दुधी होती. समोरची इमारत नाहीशी झाली. उजेड मात्र सगळा आत येत होता, उलट मऊ होऊन. मी इतका खूश झालो की त्या रात्री भांडी घासताना मोठ्याने गायलो.

दुसऱ्या दिवशी टेकडीवर समोरचे माझी वाटच पाहत होते. चेहरा पडलेला.

"आता तुम्ही मोठे दिसता," ते म्हणाले.

झालं होतं ते असं. दुधी काच आंधळी नसते. तिला फक्त लांबचं दिसत नाही, जवळची नजर शाबूत असते. काचेपासून दूर उभ्या माणसाचा नुसता ढग दिसतो, पण जे काचेला लागून आहे त्याची कडन् कड उमटते. आमचं सिंक खिडकीला चिकटून, आणि ट्यूबलाइट मागच्या भिंतीवर, माझ्या पाठीशी. म्हणजे चेहरा पुसला गेला, पण हात, घासणी आणि भांडं ठसठशीत. कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर मंडळी चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळ करतात, त्यांचीही मांडणी हीच. मागे दिवा, पुढे पडदा, बाहुली पडद्याला टेकलेली. त्यांना त्यासाठी पिढ्यान्‌पिढ्यांची कला लागते. मला एक डबा पुरला.

"आमची नातवंडं आता खिडकीशी बसून जेवतात," समोरचे सांगू लागले. "भांडं ओळखायचं. जो आधी ओळखेल त्याला बर्फी. काल ते शेवटचं काय होतं हो? धाकटा म्हणतो किसणी, ही म्हणते झारा."

"पुरणयंत्राची जाळी," मी म्हणालो.

"म्हणजे कुणीच जिंकलं नाही," ते म्हणाले.

मी उपाय करून पाहिले. दिवा बंद करून घासलं, त्यात एक कप गेला. आणखी दोन हात मारले, सावली जरा मऊ झाली, प्रेक्षक कमी झाले नाहीत. शिवाय नळाचे शिंतोडे काचेवर उडत आणि ज्या जागी पाणी बसे तिथे दुधी काच तात्पुरती बरीचशी स्वच्छ होई. खरबरीत पृष्ठभागावरचे बारीक खड्डे पाण्याने भरले की उजेड विखुरत नाही, सरळ जातो. म्हणजे सावलीच्या खेळात मधूनमधून माझं खरं नाक, खरा कान यांचे प्रवेश. शेवटी ब्लेडने सगळं खरवडून काढायचं ठरवलं, तर बायकोने ब्लेड लपवून ठेवलं. "राहू दे," ती म्हणाली. "पोरं जेवतायत ना पोटभर."

गेल्या गुरुवारी रात्री दहाला बेल वाजली. दारात समोरचे. आत या म्हटलं तर आले नाहीत. पायातल्या स्लिपरकडे पाहत उभे. त्यांच्या बोटांची टोकं पाण्याने सुरकुतलेली होती आणि शर्टाच्या पोटावर, सिंकच्या कडेला टेकून येतो तो ओला पट्टा होता.

"उरलाय का हो थोडा?" त्यांनी विचारलं.

मी आतून डबा आणला, कानाशी धरून हलवला. गोळी खडखडली.

"दोन हात होतील," मी म्हणालो. "ट्यूब पाठीशी ठेवू नका. आणि चष्मा काढून ठेवा."