केल्विनकाका

मे महिन्यात रायपूरचा पारा ४५वर गेला की तिथल्या बुढापारा भागात जो तो घाम पुसत तापमान सांगतो. केल्विनकाका आभाळाकडे बघून म्हणतात, "५५००." भर दुपारच्या उन्हाचं हे केल्विनमधलं रंगतापमान. मेणबत्ती १९००, पिवळा बल्ब २८००, सावलीतला निळसर उजेड ७०००. निळ्या उजेडाला कुणी थंड म्हटलं की काकांचाच पारा चढतो.

फिल्मच्या जमान्यात लग्नाचे फोटो काढायला लोक त्यांना हौसेनं बोलवत आणि मग पस्तावत. डेलाइट फिल्मवर बल्बचा उजेड केशरी उतरतो. त्यामुळे हळद नवरीला लागलेली, पण विहिणीसकट अख्खा मांडव माखलेला दिसे. त्यावर काका लेन्सला ८०-ए नावाचा निळा फिल्टर चढवत. रंग ताळ्यावर येई, पण फिल्टर दोन स्टॉप उजेड गिळे. १००ची फिल्म २५ची होऊन बसे. मग शटर सावकाश आणि काकांचा हुकूम, "श्वास रोखा!" अंतरपाट दूर झालेला, हार हातात, वधूवर श्वास कोंडून उभे, भटजी घड्याळाकडे बघताहेत. त्यात ट्यूबलाइट असली तर आणखी पंचाईत, कारण फिल्मवर ट्यूबखालची माणसं हिरवी येतात. "भैया, बंद करो ये ट्यूब!" आणि मांडवात अंधार.

फ्लॅशचा उजेड उन्हासारखाच असतो. तो मारला की सगळे प्रश्न मिटतात. काकांना हे ठाऊक होतं, म्हणूनच ते तो मारत नसत. निगेटिव्हवरची चूक प्रिंट काढताना सुधारता येते, म्हणून ते स्लाइडच वापरत. "रंग लॅबवाला ठरवणार? मग मी कशाला?"

एका मावशींनी सून म्हणून पाहिलेल्या मुलीबद्दल काकांना विचारलं, "गोरी आहे ना हो?"

"किती केल्विनला?"

मावशींना उत्तर कळलं नाही. मला मात्र ते त्यांच्या साऱ्या फिल्टरांपेक्षा कामाचं वाटतं.

आता फोन उजेडाचा हिशेब आपोआप करतो. काका रिकामे झाले असं वाटलं, तोच एलईडी बल्बच्या खोक्यांवर ३०००, ६५०० असे आकडे छापून येऊ लागले. तेव्हापासून सदर बाजारातले दुकानदार त्यांना बघून कामात असल्याचं दाखवतात. घरातले सगळे बल्ब बदलून झाल्यावर काका देवघराकडे वळले. काकू दारातच उभ्या राहिल्या.

"समई १९००ची आहे. देवाला चालते."