कोपरीचे त्यागी

हे गृहस्थ तुम्हाला ठाऊक आहेत. तुमच्या इमारतीत नसतील तर समोरच्या इमारतीत असतील. लग्नात, बँकेत, बारशाला, कुठेही भेटोत, त्यांच्या पँटच्या उजव्या पायाला कपडे वाळत घालायचा एक चिमटा लावलेला असतो. प्लास्टिकचा, पिवळा. पँट सायकलच्या चेनमध्ये जाऊ नये म्हणून तो लावायचा आणि सायकलवरून उतरलं की काढायचा, हे त्यांना पक्कं माहीत आहे. पण काढला तर कोणी विचारणार नाही, आणि कोणी विचारलंच नाही तर गाडी विकल्याचं सांगायचं कसं?

"काका, पायाला चिमटा राहिलाय," असं एखाद्या भाबड्याने म्हणायचा अवकाश.

"अरे हो, राहतो हल्ली. आपण गाडी विकली ना!"

त्यानंतर ऐकणाऱ्याची सुटका नाही. एकदा ते एका घरी सांत्वनाला गेले होते. ज्यांचे वडील गेले त्या मुलाने डोळे पुसताना मान खाली घातली आणि नेमका चिमटा दिसला. पुढे बराच वेळ त्या घरात वडिलांऐवजी पेट्रोलच्या दराचं दुःख चाललं होतं. सत्यनारायणाला तो पिवळा ऐवज मांडी घालताना निसटला, तर गुरुजींनी शांतपणे उचलून पंख्याने फडफडणारं पोथीचं पान त्यात अडकवलं. पाचवा अध्याय संपेपर्यंत त्यागींचं लक्ष कथेत नव्हतं. दक्षिणा ठेवली आणि त्याच हाताने चिमटा मागून घेतला.

त्यांना त्यागी म्हणायचं ते त्यांच्याच आग्रहाखातर. गाडी 'विकली' हा शब्द ते तिऱ्हाइतासमोर वापरतात. जरा ओळख झाली की 'सोडली' म्हणतात, आणि रंगात आले की 'त्याग' हा शब्द येतो.

त्यागाला कारणं होती, आणि ती खोटी नव्हती. ठाणे पूर्वेत, म्हणजे कोपरीत राहून ज्याने गाडी चालवली आहे त्याला कोपरी पुलाबद्दल वेगळं सांगायला नको. पूर्व द्रुतगती महामार्ग दोन्ही बाजूंना चार-चार पदरी यायचा आणि रेल्वेवरच्या या पुलावर दोन-दोन पदरांत कोंबला जायचा. २०१८ साली रुंदीकरणाचं काम निघालं, म्हणजे होता तो त्रास दुप्पट झाला. पुलापुढे आनंदनगरचा टोलनाका, तिथे चाळीस रुपये. त्यागींची कचेरी ऐरोलीला. घरातून निघून मुलुंडमार्गे खाडीपूल ओलांडेपर्यंत त्यांच्या वॅगन-आरचं इंजिन आणि त्यांचं डोकं, दोन्ही तापलेलं असे. संध्याकाळी परत आल्यावर गाडी लावायला जागा शोधण्याचा दुसरा प्रवास सुरू व्हायचा. शेवटी २०२२ मध्ये एमएच-०४ची ती गाडी त्यांनी कल्याणच्या एका गिऱ्हाइकाला दिली, सायकल घेतली आणि लोकलचा पास काढला.

यानंतर सरकारने त्यांच्याशी जे केलं ते वैऱ्याशीही करू नये. २०२३च्या फेब्रुवारीत नवा रुंद कोपरी पूल पूर्ण खुला झाला. त्यागी गप्प राहिले. टोल तरी होता. मग १४ ऑक्टोबर २०२४च्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला. आजूबाजूला लोक पेढे वाटत होते आणि त्यागी खिडकीत सुतकी चेहऱ्याने उभे होते. गाडी नसल्यामुळे महिन्याला किती वाचतात याचा एक तक्ता त्यांच्या मोबाइलमध्ये असतो. पेट्रोल, विमा, सर्व्हिसिंग, पार्किंग, टोल. त्यातली टोलची ओळ त्यांनी अजून काढलेली नाही. "माफ कसला? दुसऱ्या खिशातून घेतातच," असं म्हणून ती रक्कम ते दरमहा बेरजेत धरतात.

पुलाचं उत्तरही त्यांनी शोधलं. रस्ता रुंद केला की गाड्या वाढतात आणि कोंडी परत येते, हे अँथनी डाउन्स या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९६२ सालीच मांडून ठेवलं आहे. त्यागी त्याचा उल्लेख 'आपला डाउन्स' असा करतात, जणू तो चेंदणी कोळीवाड्यात लहानाचा मोठा झाला. सकाळी पुलावर गाड्या तुंबल्याची खबर आली की ते मुद्दाम वाट वाकडी करून तिथे जातात. सायकल कडेला लावायची, पाय जरा पुढे टाकून चिमटा रस्त्याच्या बाजूला येईल असं उभं राहायचं, आणि अडकलेल्या गाड्यांकडे माफक करुणेने बघायचं. काचेआडून ओळखीचा चेहरा दिसला तर हात हलवायचा. एकदा असा हात हलवण्याच्या नादात त्यांची ठाणे-वाशी लोकल चुकली आणि कचेरीत खाडा लागला. कारण विचारल्यावर म्हणाले, "ट्रॅफिक."

आता खरी गोम सांगायला हवी. कोपरी आहे केवढी? एका अंगाला रेल्वे, दुसऱ्या अंगाला खाडी, तिसऱ्या अंगाला महामार्ग. त्यागींच्या घरापासून स्टेशन चालत दहा मिनिटांवर आहे. सायकलने तीन मिनिटं लागतात, पण ती लावायला आणि कुलूप घालायला सात. शिवाय ऐरोलीची गाडी सुटते नऊ-दहा नंबरच्या फलाटावरून, आणि ते फलाट पूर्वेलाच आहेत. एवढं नशीब ज्याच्या कपाळी त्याला गाडीही नको आणि सायकलही नको. बरी चप्पल पुरे. देशातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून चौतीस किलोमीटर धावून ठाण्यातच येऊन थांबली. तेव्हापासून ठाणेकर पायी स्टेशनात जातो आणि लोकलला लटकतो. माशांच्या पाट्या घेऊन मालडब्यात चढणाऱ्या कोळणींनी कधी गाडीचा त्याग केला नाही, कारण गाडी नव्हतीच. सायकल आणि लोकल यांची सांगड घालणारे मुंबईचे डबेवाले १८९० पासून धंदा करताहेत. त्यांच्यातल्या कोणी चिमटा लावून भाषण दिल्याचं ऐकिवात नाही. शहरातली बहुसंख्य माणसं रोज निमूटपणे जे करतात तेच करून त्यागींना मात्र सत्कार हवा असतो.

स्टेशनाबाहेर सायकल लावताना त्यांची तिथल्या पावती फाडणाऱ्या पोराशी रोजची झकापकी. पूर्वेचा सॅटिस पूल अनेक मुदती उलटून गेल्या तरी 'होतोय', खाली खांब आणि पत्रे, त्यातून रिक्षांची रांग, आणि त्या गर्दीत त्यागी नेदरलँड्स उलगडून सांगतात.

"उत्रेख्त नावाचं शहर आहे. तिथल्या एका स्टेशनखाली साडेबारा हजार सायकलींची जागा आहे. साडेबारा हजार!"

पोराने पेन कानामागे खोचलं. "पावत्या फाडायला किती माणसं ठेवलीत?"

"पावती कसली? पहिले चोवीस तास फुकट!"

"म्हणजे माझं काम गेलं का, काका? दहा रुपये काढा."

पंक्चरवाल्याकडेही तेच. त्यागींची सायकल परदेशी बनावटीची, तिच्या ट्यूबला बारीक सुईसारखा प्रेस्टा व्हॉल्व. चाचाने पंपाची नळी तीन बाजूंनी लावून पाहिली, व्हॉल्ववर थुंकी लावून पाहिली, आणि शेवटी म्हणाला, "साब, इसमें हवा नहीं, इंजेक्शन लगेगा." मग त्यागींनी खास नोझल मागवलं. ते आता किल्ल्यांच्या जुडग्यात लटकतं आणि देवळाबाहेर चप्पल काढतानाही छनछन वाजतं. तरी त्यांना खरी हळहळ आहे ती ॲटलसची. साहिबाबादचा ॲटलसचा कारखाना २०२० साली बंद पडला तो नेमका ३ जूनला, म्हणजे जागतिक सायकल दिनी. दरवर्षी त्या तारखेला त्यागी सोसायटीच्या ग्रुपवर श्रद्धांजली टाकतात. खाली तीन-चार जण सवयीने 'भावपूर्ण' लिहून जातात. गेल्या खेपेला एकीने 'किती वर्षांच्या होत्या?' असंही विचारलं.

सोसायटीचा अध्याय मात्र दुःखाचा आहे. गाडी गेल्यावर त्यागींनी सर्वसाधारण सभेत उभं राहून आपली पार्किंगची जागा परत केली. मुलांना खेळायला द्यावी, एखादं झाड लावावं, अशी सूचना मांडली. टाळ्या पडल्या. पंधरवड्यात त्या जागेत एक आडवी-तिडवी एसयूव्ही आली, खजिनदारांच्या जावयाची. सायकल जिन्याखाली ठेवली तर आगीच्या नियमाचं पत्र आलं, मीटरच्या खोलीशी ठेवली तर वायरमनने तिच्यावर शिडी टेकवली, लिफ्टने वर न्यावी तर चाकांचा चिखल लागतो म्हणून फलक लागला. सचिवांनी अखेर तोडगा काढला: सायकलला 'दुचाकी' म्हणून दरमहा शुल्क लावावं. दुचाकी आहे हे तर खरंच. त्यागी ते शुल्क भरतात आणि पावतीवर 'निषेधासह' असं लिहून घेतात. जावयाकडून सोसायटीला काय मिळतं हे विचारण्याचं धाडस अजून कोणी केलेलं नाही, त्यागींनी तेवढं एकदा केलं होतं. त्या सभेत बाकी सगळ्यांना अचानक चहाची तल्लफ आली.

इथे नाइलाजाने त्यांच्याबद्दल थोडं बरं बोलावं लागेल.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी पन्नाशी ओलांडल्यावर एक दिवस विचारलं, "भाऊ, मला जमेल का हो सायकल?" माहेरी भावांना सायकल होती, हिला कोणी हात लावू दिला नव्हता. त्या रात्रीपासून जेवणं आटोपल्यावर मागच्या गल्लीत दोघांचा उद्योग सुरू झाला. काकू पंजाबी ड्रेसात, ओढणी कमरेला करकचून बांधलेली. त्यागी मागे कॅरिअर धरून पळताहेत, धापा टाकताहेत, आणि धापा टाकत डच लोकांनी सत्तरच्या दशकात रस्त्यावर उतरून सायकलींसाठी रस्ते कसे मिळवले ते सांगताहेत. ते ऐकणं टाळण्यासाठी काकूंनी जोरात पायडल मारलं आणि तिथे त्यांना तोल सापडला. आता त्या भाजी आणायला सायकलने जातात. त्यांचं पाहून कामाला येणाऱ्या दोघीही शिकल्या. एकीचा रोजचा शेअर रिक्षाचा खर्च वाचला आणि तिने तो कुठल्याही तक्त्यात मांडला नाही. दोघींच्याही शिकवणीच्या रात्री पळून पळून त्यागींचा गुडघा सुजला. त्याबद्दल ते कोणाकडे बोलले नाहीत. बोलले असते तर नवल वाटलं नसतं. न बोलल्याचं वाटतं.

मिसेस त्यागींना गाडीची आठवण येते, आणि ती वेगळ्याच कारणाने. गाडी चालवताना हे गप्प असत. कोपरी पुलावर अर्धा-पाऊण तास अडकलं की रेडिओवर जुनी गाणी, बाहेर भोंगे, आत कोणी काही बोलायचं नाही. मधेच डॅशबोर्डवरची लिमलेटची गोळी हे न विचारता पुढे करत. मुलगा शिकायला बंगळूरला गेल्यानंतरच्या वर्षात दोघांनी एकमेकांच्या शेजारी सलग बसून काढलेला वेळ बहुतेक त्या पुलावरचाच. आता रविवारी दादरला जायचं तर लोकल. ठाण्याच्या फलाटावर दोघं एकत्र येतात आणि गाडी आली की ह्या महिलांच्या डब्यात, ते जनरलमध्ये. एकाच गाडीतून दोघांचे दोन प्रवास. घाटकोपर गेलं की फोन येतो: "अहो, पुढचं कुर्ला. तुम्ही दादरला उतरा." तीस वर्षं दादरला उतरणाऱ्या बाईला!

पहिले काही महिने त्यांना ते उदास वाटलं. मग डब्यात ओळखी झाल्या. कोणी मुलुंडहून चढणारी, कोणी डोंबिवलीपासून बसून आलेली. निवडलेल्या मेथीच्या जुड्या, एकमेकींच्या डोळ्यांच्या ऑपरेशनच्या तारखा, श्रावणातलं हळदीकुंकू, सगळं त्या डब्यात होऊ लागलं. त्यांचा ग्रुप झाला. त्यागींना त्या ग्रुपवर घेतलेलं नाही. त्यांनी दोनदा विचारून पाहिलं.

परवा अंगारकी होती. आदल्या रात्री त्यागींना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी चिमटा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "टिटवाळ्याला जाऊ या का? एक दिवस भाड्याने गाडी करू. मी चालवतो. लिमलेटच्या गोळ्या आणल्यात."

बाईंनी कुकरची शिट्टी होऊ दिली. "अहो, आमचं ठरलंय. सगळ्या जणी सहाच्या लोकलने निघतोय, डोंबिवलीच्या तिघी तिथे चढणार." मग जरा थांबून, गोळ्यांची पुडी स्वतःच्या पर्समध्ये टाकत म्हणाल्या, "तुम्ही या ना मागनं. सायकलने."