हवा कितीची मारू?

आपल्याकडे पंक्चरवाला विचारतो, "हवा कितीची मारू?" आपण म्हणतो, "नेहमीची." छोट्या गाडीला तिशीच्या आसपास लागते हे त्यालाही ठाऊक असतं, आपल्यालाही. विषय संपला. इंग्लंडात राहून मोटरहोम घेतलेल्या मराठी माणसाचा विषय मात्र तिथेच सुरू होतो. ओटा, न्हाणीघर, बिछाने असं सगळं चाकांवर घेऊन निघायचं, तर नेहमीची म्हणजे कितीची?

कॅम्पसाइटवरचे शेजारी आनंदाने सांगतात. एक म्हणतो ६०, दुसरा ८०. तिसरा टायरला लाथ घालून मान डोलावतो. माझं मत असं की तिघांचंही ऐकू नये. ओझं पेलते ती आतली हवा. तेव्हा आधी ओझं किती ते सांगा. आणि वजनाच्या बाबतीत खरं कोण बोलतं?

कागदपत्रंसुद्धा नाहीत. युरोपच्या नियमांनी गाडीचं वजन काढताना चालक ७५ किलोचा धरलेला असतो. हा गृहस्थ मला लग्नाच्या अल्बममध्ये अधूनमधून भेटतो. अशा बऱ्याच गाड्यांची कमाल मर्यादा ३,५०० किलो. रिकामं घरच त्यातलं बहुतेक खाऊन टाकतं. उरलेल्यात माणसं, गॅस, खुर्च्या आणि आमच्या सासूबाईंचं "हलकंच आहे हो ते" बसवायचं. त्या हलक्यात कुकर, पोळपाट, तांदूळ, भाजणी आणि चिनी मातीची बरणी येते. माझी पुस्तकं मी धरत नाही; कागदाला कसलं वजन?

शिवाय किती यापेक्षा कुठे हे जास्त छळतं. मागच्या चाकांच्याही मागे टांगलेलं ओझं सी-सॉसारखं वागतं. समजा दोन ॲक्सलमध्ये ४ मीटर अंतर आहे आणि ६० किलोच्या सायकली मागच्या ॲक्सलच्या २ मीटर मागे लटकवल्या. मागच्या चाकांवर ६० नव्हे, ९० किलो वाढतात आणि पुढची ३० किलोंनी हलकी होतात. ज्यांनी गाडी ओढायची आणि वळवायची, तीच नेमकी.

म्हणून काट्यावर जावं. उसाच्या ट्रॉलीसाठी साखर कारखान्यात असतो तसा वजनकाटा इथेही सापडतो. आधी पुढची चाकं, मग सगळी गाडी, मग मागची. सामान आणि माणसं आतच ठेवायची. चिठ्ठी हातात आली की कुटुंबात क्षणभर शांतता पसरते आणि सगळे बरणीकडे बघतात.

पुढचं काम तसं रुक्ष आहे. टायर कंपनीच्या कोष्टकात ॲक्सलचं वजन शोधायचं आणि त्यासमोरचा आकडा घ्यायचा. टायरवर 'सीपी' अशी मोटरहोमसाठीची खूण असेल, तर मागे साडेपाच बार, म्हणजे ८० पीएसआय, हा ठरलेला सल्ला. पुढे वजनाप्रमाणे कमी चालते. सगळीकडे ८० ठोकून दिले तर रस्त्यातला प्रत्येक खड्डा वाटीचमच्यांमार्फत कळतो. पण कमी हवेचं सुख फसवं: टायरची बाजू सतत दुमडते, तापते आणि महामार्गावर फुटते. दोन्हीतून निवडायचंच तर मी खणखणाट निवडेन. मोजायची ती टायर थंड असताना, घरून निघण्याआधी. वाटेत तापून वाढलेली दिसली म्हणून सोडू नये. स्वतःचा पंप ठेवलेला बरा, कारण कित्येक पेट्रोल पंपांवरचं यंत्र ८० पर्यंत पोचतच नाही.

मात्र मागचा ॲक्सलच मर्यादेबाहेर निघाला, तर हवा वाढवून भागत नाही, काहीतरी उतरवावंच लागतं. सर्वात सोपं पाणी. १०० लिटरची टाकी म्हणजे १०० किलो, आणि कॅम्पसाइटवर नळ असतोच. मी हे गणित सासूबाईंना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि परगावचं पाणी बाधतं म्हणून आणखी दोन कॅन भरून बिछान्याखाली ठेवले.