कपाळावर चार आठ्या

नेट रेंगाळलं की सोसायटीत एक जाणकार उगवतो, राउटरच्या सेटिंगमध्ये ८.८.८.८ घालतो आणि चहा पिऊन जातो. मग घरातल्या सगळ्यांना नेट पळताना दिसू लागतं. अंगाऱ्याचा गुणही असाच येतो.

हे आकडे म्हणजे एका डीएनएस सर्व्हरचा पत्ता. डीएनएसचं काम एवढंच: तुम्ही साइटचं नाव सांगायचं, त्याने आकडी पत्ता काढून द्यायचा. पत्ता हाती आल्यावर सिनेमा येतो तो तुम्ही पैसे भरलेल्या प्लॅनच्याच वेगाने. तुमच्या इंटरनेटवाल्याचा डीएनएस अगदीच मठ्ठ असेल, तर पान उघडताना काही मिलिसेकंद वाचतील. ५० एमबीपीएसचे १०० होणार नाहीत.

मग बदलायचा कशाला? २०१४ च्या मार्चमध्ये तुर्कस्तानच्या सरकारने ट्विटर बंद केलं, तेव्हा इस्तंबूलच्या भिंतींवर लोकांनी हेच चार आठ रंगवले होते. बंदी इंटरनेटवाल्यांच्या डीएनएसवर घातलेली, ती हे आकडे घालून चुकवता यायची. सरकारने थोड्याच दिवसांत तीही वाट बुजवली. आपली गरज इतकी क्रांतिकारक नसते. स्पेलिंग चुकलं तर ‘साइट सापडली नाही’ एवढं साधं उत्तर मिळालं तरी पुष्कळ. आमचा जुना इंटरनेटवाला त्याऐवजी जाहिरातींचं पान समोर करायचा. त्याला एकट्याला नावं कशाला ठेवा? ओपनडीएनएस ही फुकट सेवाही २०१४ पर्यंत असल्याच जाहिराती दाखवत होती. पुढच्याच वर्षी सिस्कोने ती ६३.५ कोटी डॉलर मोजून घेतली. फुकटाला भाव असा येतो.

आता निवड भरपूर आहे. गूगलचा ८.८.८.८ हा २००९ पासूनचा. क्लाउडफ्लेअरने १.१.१.१ काढला तो २०१८ च्या १ एप्रिलला, आणि वर सांगावं लागलं की ही थट्टा नाही. स्वित्झर्लंडचा क्वाड९ ना-नफा आहे, घातक साइटचा पत्ताच देत नाही. घरात मुलं असतील तर क्लाउडफ्लेअरचा १.१.१.३ प्रौढांच्या साइटही गाळतो. मोबाइल डेटा कुठून चालू करायचा ते मुलांना ठाऊक असतं, हा भाग वेगळा.

खरी गोम पुढेच आहे. राउटरमध्ये नुसते आकडे बदलले तरी तुमची चौकशी उघड्या मजकुरात जाते, आणि इंटरनेटवाल्याला ती वाटेत निवांत वाचता येते. म्हणजे घर कुठे कुठे फिरतं हे पूर्वी एकाला कळायचं, आता दोघांना. झाकून पाठवायची तर अँड्रॉइडमध्ये नवव्या आवृत्तीपासून ‘प्रायव्हेट डीएनएस’ आहे. तिथे आकडे चालत नाहीत, सर्व्हरचं नाव लिहावं लागतं. ते पाठ नसतं, म्हणून जाणकार तिकडे फिरकत नाही.

न मागता फुकट डीएनएस पुरवणारी एस्टोनियन मंडळींची एक टोळीही होऊन गेली. डीएनएसचेंजर नावाच्या व्हायरसने तिने सुमारे ४० लाख संगणकांचा डीएनएस परस्पर बदलला आणि जाहिरातींवर बक्कळ कमावलं. २०११ मध्ये एफबीआयच्या कारवाईत टोळी सापडली. पण तिचे सर्व्हर एकदम बंद केले असते तर लोकांचं नेटच गेलं असतं, म्हणून त्या जागी स्वच्छ सर्व्हर ९ जुलै २०१२ पर्यंत चालवावे लागले. हा व्हायरस सोपा पासवर्ड दिसला की राउटरमध्येही शिरायचा. तुमच्या राउटरचा अजून ‘अ‍ॅडमिन’च आहे ना?